८.९९ टीएमसी आणि एक कोयता : गोदावरी खोऱ्यातला २०१८-१९ चा हंगाम

ऑक्टोबर २०१८ मध्ये परतीचा पाऊसही रुसला आणि जायकवाडी, म्हणजे गोदावरीवरचं पैठणचं धरण, भरलं नाही. त्या महिन्यात गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळानं वरच्या धरणांतून ८.९९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली सोडण्याचा आदेश काढला. त्याची विभागणी अशी होती : मुळा १.९०, भंडारदरा-निळवंडे मिळून प्रवरा समूह ३.८५, गंगापूर ०.६०, दारणा २.०४, पालखेड ०.६०. नगर आणि नाशिकमध्ये रास्ता रोको झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथं स्थगिती मिळाली नाही आणि नोव्हेंबर लागताच धरणांचे दरवाजे उघडले. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलेला होता.

याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोड टोळ्या निघाल्या होत्या. त्यांतल्या काही नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे, काही पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, काही थेट कर्नाटकात. पाणी खाली यायला निघालं होतं आणि माणसं पाण्याकडे वर चालली होती. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या होत्या, पण वेगळ्या पानांवर. पाण्याची बातमी पहिल्या पानावर, टोळ्यांची जिल्हा पानावर. या लेखात त्या एकत्र वाचायच्या आहेत. नदीखोऱ्यातला पाण्याचा वाद बाई आणि पुरुष या अंगानं तपासायचा म्हणजे काय करायचं, हे या एका हंगामाइतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं प्रकरण मला तरी माहीत नाही.

वाद थोडक्यात

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, उपयुक्त सुमारे ७६. आखणीच्या वेळी हिशेब असा होता की पैठणच्या वर खोऱ्यात सुमारे १९६ टीएमसी पाणी आहे, त्यातलं साधारण ११५ वरच्या भागानं वापरायचं आणि ८१ जायकवाडीला यायचं. पुढे वर धरणं वाढत गेली, पाणी कमी निघालं आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरण्याची वर्षं दुर्मीळ झाली.

२००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. तशा प्रकारचा तो देशातला पहिलाच. त्याच्या कलम १२ मध्ये एक तरतूद आहे : टंचाईचा त्रास खोऱ्यात सारखा वाटला जावा म्हणून ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांतल्या वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असं नियंत्रण करायचं. हीच समन्यायी पाणीवाटपाची कायदेशीर मुळी. २०१२ च्या दुष्काळात ती कागदावरून जमिनीवर आली. २०१३ मध्ये पाणी वाटण्याचे नियम ठरवायला मेंढेगिरी समिती बसली, सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला, सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. तेव्हापासून दरवर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा बघायचा आणि तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, अशी रीत पडली. २०१५ ला १२.८४ टीएमसीचा आदेश निघाला, २०१८ ला ८.९९, २०२३ ला पुन्हा ८.६.

सोडलेलं सगळं पोचत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कोरड्या पात्रात पाणी मुरतं, काठावरच्या मोटारी ओढतात. म्हणून नदीकाठची वीज तोडायची, बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, पोलीस बंदोबस्त लावायचा असा सगळा सरंजाम असतो. त्या तपशिलात आपण जात नाही.

पक्षकारांची यादी

वादातले पक्ष कोण, असं कुणालाही विचारलं तर उत्तर तयार असतं. वर नाशिक आणि नगर, खाली मराठवाडा. जरा खोलात गेलं तर साखर कारखाने, महापालिका, औद्योगिक वसाहती, पाणीवापर संस्था, आमदार-खासदार. न्यायालयात अर्ज करणाऱ्यांतही याच जातकुळीची नावं दिसतात.

या यादीत बाई नाही हे पहिलं निरीक्षण, पण ते फार सोपं आहे आणि तिथंच थांबणारे अहवाल ढिगानं निघतात. मग शिफारस येते की समित्यांवर महिला प्रतिनिधी घ्या. घ्याव्यात. पण खरी अडचण यादी ज्या एककांत मांडली आहे तिथं आहे. पाणी मोजतात टीएमसीत, नुकसान हेक्टरात, हक्क खातेदाराच्या नावानं, पेयजल दरडोई लिटरात, ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे. या एककांत बाई कुठे तरी विरघळून जाते. हेक्टरात ती नसते, कारण जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. दरडोई लिटरात असते, पण हंडा तिच्याच डोक्यावर असतो हे त्यात दिसत नाही. कोयत्यात ती अर्धी असते.

बायका पाण्याच्या बातमीत दिसतात त्या हंडा मोर्चात. ती महाराष्ट्राची जुनी आणि आदरणीय परंपरा आहे. मृणाल गोरे यांना मुंबईनं ‘पाणीवाली बाई’ म्हटलं ते उगीच नव्हे. पण रिकामा हंडा घेऊन आलेल्या बाईला प्रशासन टँकर देतं, आवर्तन, म्हणजे कालव्यातून शेतीला मिळणारी पाण्याची पाळी, देत नाही. प्यायच्या पाण्याची ती हक्कदार, शेतीच्या पाण्याची नाही, अशी कामाची वाटणी इतकी मुरलेली आहे की मोर्चा काढणाऱ्यांनाही ती खटकत नाही.

वरच्या बाजूला

‘वरचे’ म्हणून जे एक गाठोडं बांधलं जातं ते सोडून बघू.

सगळ्यात वर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, अकोले इथं सह्याद्रीचा माथा आहे. पाऊस धो धो पडतो, इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. दारणा, मुकणे, भावली, भंडारदरा ही धरणं याच पट्ट्यात. इथल्या महादेव कोळी, ठाकर वस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरतात आणि खाली धरणात पाणी दिसत असतं. समन्यायी वाटपाच्या तक्त्यात या वस्त्या ‘वरच्या’ खात्यात, म्हणजे पाणीवाल्यांच्या खात्यात जमा आहेत. ८.९९ सोडलं काय आणि न सोडलं काय, त्यांच्या झिऱ्यात फरक पडत नाही. त्या वादात पक्षच नाहीत, कारण त्यांच्या नावावर कुठल्याच धरणाचं पाणी नाही.

त्याखाली कालव्यांचा प्रदेश. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे उजवा-डावा कालवे, प्रवरेचे कालवे, मुळेचे कालवे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी. शंभर वर्षांच्या पाटपाण्यावर इथला ऊस आणि इथली साखर उभी राहिली. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा पाया घातला. या पट्ट्यातलं आंदोलन सगळ्यात जोरकस असतं. त्याचं म्हणणंही सरळ फेटाळण्यासारखं नाही. रब्बीचं एक आवर्तन रद्द झालं की गहू, कांदा, चारा तिन्ही अडचणीत येतात.

पण आवर्तन रद्द झाल्याचा फटका घरात कसा वाटला जातो, हे कुणी मोजत नाही. ऊस टिकवायचा म्हणून विहिरीचं उरलंसुरलं पाणी उसाला जातं आणि घासाचा, मक्याचा तुकडा वाळतो. घास वाळला की गाय विकावी लागते. धारा काढणं, शेण काढणं, वैरण आणणं हे बहुतेक घरांत बाईचं काम, आणि ज्या घरांत दुधाचा पगार तिच्या हातात पडतो तिथं तो तिचा एकमेव रोख पैसा असतो. ऊस वाचला, गाय गेली : कुटुंबाच्या हिशेबात हा शहाणपणाचा निर्णय. तिच्या हिशेबात वेगळा. पंचनाम्याला ‘कुटुंबाचं नुकसान’ हा एकच रकाना असल्यामुळे दुसरा हिशेब कागदावर येतच नाही.

आणखी एक गट आहे, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आणि कांद्याच्या शेतांत मजुरी करणाऱ्या बाया. यांतल्या अनेक पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून येतात. कांद्याची लागण आणि काढणी, द्राक्षाची विरळणी ही कामं बायांचीच मानली जातात. पाणी कमी म्हणून लागण निम्म्यावर आली की यांचे निम्मे रोज बुडाले. शेतकऱ्याच्या बुडालेल्या पिकाला निदान पंचनामा आहे. बुडालेल्या रोजाला तोही नाही.

खालच्या बाजूला

आता जायकवाडीखाली. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. उजव्या कालव्याचं पाणी पुढे माजलगावच्या धरणाला मिळतं. इथंही ऊस आहे, कारखाने आहेत, हेड-टेलची, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी आणि शेपटाशी असलेल्या शेतांची, भांडणं आहेत. ‘तहानलेला मराठवाडा’ या प्रतिमेत हे बसत नाही म्हणून सांगितलं जात नाही एवढंच. नाथसागरात वरून पाणी आलं की त्यातलं किती प्यायला, किती उद्योगाला आणि किती उसाला, हा दुसरा वाद सुरू होतो आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत नसून कालव्याच्या वरच्या आणि शेवटच्या शेतांमध्ये असतो.

टेलच्या शेतात पाणी येतं ते रात्री-बेरात्री. शेतीपंपांची वीजही बहुतेक रात्रीचीच. दारं धरायला रात्री दोन वाजता कोण जाणार? घरात पुरुष असेल तर तो. नसेल तर? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या मागे उरलेली बाई अंधारात एकटी चारीवर गेली तर साप-विंचवापेक्षा तिला माणसांचीच भीती जास्त, आणि वर गावाच्या जिभा. मग ती पाळी कुणा भाऊबंदाला देऊन टाकते किंवा शेतच बटाईनं लावते. कागदावर तिच्या क्षेत्राचं सिंचन झालेलं असतं.

तिचं नाव सात-बाऱ्यावर असेल, हे मी वर गृहीतच धरलं. ते तसं धरता येत नाही. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांच्या नावे शेतजमीन अजून झालेलीच नव्हती. नाव नाही म्हणजे पाण्याचा अर्ज नाही, पीककर्ज नाही, विमा नाही, पाणीवापर संस्थेचं सभासदत्व नाही.

आणि शहर? छत्रपती संभाजीनगर जायकवाडीपासून पन्नासेक किलोमीटरवर. तेव्हा ते औरंगाबाद होतं. तिथल्या कित्येक वसाहतींत नळाला पाणी पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी येई, धरण भरलेलं असलं तरी. नळ कधी येणार यावर घरातल्या बाईचा दिवस बांधलेला. ती कामाला जाणारी असेल तर त्या दिवशी रजा. मराठवाड्यानं टीएमसी जिंकले, तरी ते या नळातून बाहेर येत नाहीत. मधे जलवाहिनी, पंपघर, पाण्याच्या टाक्या आणि महापालिकेची तिजोरी आहे.

कोयता

आता ज्या बायांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येऊ.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी गावं जास्त करून बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली : पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टीचा काही भाग. नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट लगेच दिसते. जायकवाडीचा कालवा गोदाकाठच्या सखल भागातून जातो, तो या डोंगरावर चढत नाही. म्हणजे वरून पाणी सुटलं, नाथसागर भरला, मराठवाड्याला न्याय मिळाला, तरी हे पाणी या गावांना शिवणार नाही. त्यांच्या नावानं भाषणं होतात, कारण दुष्काळाचा चेहरा त्यांचा आहे. पाणी दुसऱ्यांना मिळतं.

दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल घेतलेली जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल ठरते ती कोयत्यामागे, मजुरी ठरते ती तोडलेल्या टनामागे, आणि दोन्हींचा व्यवहार पुरुषाशी. बाई ऊस तोडते, वाढं काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. त्याआधी पहाटे उठून पाणी आणलेलं असतं, भाकरी थापलेल्या असतात. रात्री कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, परत आल्यावर तेच. पण हजेरीत तिचं वेगळं नाव नाही, खात्यावर तिचा वेगळा पैसा नाही. खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, तर दंड मात्र दोघांच्या उचलीवर चढतो.

केंद्रीय कृषिमूल्य आयोगानं वारंवार नोंदवलेली गोष्ट आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी पितो. वरच्या कालव्यावरचं पाणी उसात जातं. तो ऊस तोडायला कालवा न पोचलेल्या डोंगरातली बाई येते. २०१८ च्या नोव्हेंबरात नगरच्या शिवारात एखाद्या थळावर तोडणी करणारी बीडची बाई या वादात कुठल्या बाजूची? गाव धरलं तर खालची, मराठवाड्याची. पोट धरलं तर वरची : आवर्तन गेलं, ऊस वाळला, हंगाम आखडला तर टन कमी होणार आणि उचल फिटणार नाही. तिला दोन्ही बाजू आहेत आणि दोन्हींकडच्या बैठकीत तिला जागा नाही.

वरच्या-खालच्यांचा वाद असा मांडला की नदी न्यायालयातल्या दाव्यासारखी दिसते, वादी एका काठावर आणि प्रतिवादी दुसऱ्या. ही बाई त्या मांडणीत मावत नाही. मला तिचं हे न मावणंच महत्त्वाचं वाटतं. खोऱ्यात पाण्याच्या जोडीनं मजूरही वाहतात आणि त्यांची दिशा पाण्याच्या उलट असते. एवढं एक ध्यानात घेतलं की ‘पाणी कुठल्या जिल्ह्याचं’ हा प्रश्न तोकडा पडायला लागतो.

त्याच हंगामाचा शेवट कसा झाला तेही सांगायला हवं. २०१९ च्या उन्हाळ्यात बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण सहांमागे एक. कारणं एकात एक गुंतलेली होती : पाळीत अंगावर ओझं, आडोसा नाही, धुण्यापुसण्याला पुरेसं पाणी नाही, त्यातून होणारे आजार, खाड्याची धास्ती, ‘पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून ऑपरेशन करणारे खासगी दवाखाने.

माध्यमांनी ही आरोग्याची बातमी केली. ती होतीच. पण ती पाण्याची बातमीही होती. ऊस हे राज्यातलं सगळ्यात जास्त पाणी मिळणारं पीक. त्याच शिवारात कोपी टाकून सहा महिने राहणाऱ्या बाईला आंघोळीला पाणी नाही. खोऱ्यातल्या पाण्याच्या कुठल्याही आराखड्यात तोडणीच्या तळावरची लोकसंख्या धरलेली नसते, कारण ती गावाच्या जनगणनेत दुसरीकडे मोजलेली असते. आपल्या गावी ती असते तेव्हा टँकरच्या यादीत. तोडीला जाते तेव्हा कुठल्याच यादीत नाही.

या साखळीची आणखी एक कडी घरात आहे. कोयता जोडीचा, म्हणून जोडी लवकर लावायची. वयात आलेली मुलगी मागे गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणूनही लवकर. बीडमधल्या बालविवाहांची चर्चा हुंडा आणि परंपरा यांच्यापाशी थांबते, पण मजुरीच्या एककाचा त्यातला वाटा दुर्लक्षून चालणार नाही.

वाटा कशाला बांधला आहे

पाण्याचा वाटा जमिनीला बांधला, म्हणून तो जमिनीच्या मालकाच्या मागे जातो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांत स्त्रिया १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. कागदावर कायदा चांगला आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सा दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. प्रत्यक्षात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि माहेर राखतात. जिच्या सासरी काही धड नाही तिला माहेर हाच विमा असतो, त्यामुळे तिच्या सहीला नुसतं अज्ञान म्हणणं अन्याय होईल.

याच खोऱ्याच्या कडेला, नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. त्या चळवळीतून पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि नवऱ्यांनी राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा म्हणून गावंच्या गावं पुढे आली. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढून सहधारक म्हणून पत्नीचं नाव लावण्याची वाट मोकळी केली. योजना आजही आहे. तलाठ्याकडे विचारणारे किती, हा वेगळा मुद्दा.

सिंचन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा २००५ चा कायदा पाणीवापर संस्थांना अधिकार देतो. त्यात संचालक मंडळावर महिलेची जागा आहे. पण संचालक व्हायला सभासद असावं लागतं आणि सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन. म्हणजे राखीव जागेचं दार सात-बाऱ्याच्या आत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या ओझर-वाघाडच्या संस्थांनी पाणी मोजून घेण्यात आणि पाणीपट्टी भरण्यात देशाला धडा घालून दिला. त्यांचं कौतुक करतानाही हे दार विसरायला नको.

प्राधिकरणाच्या कायद्यात आणखी एक कलम होतं, ज्याची चर्चा क्वचित होते. दोनापेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर. पाणी वाचवण्याशी याचा संबंध काय, ते मसुदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. पण ज्या खोऱ्यात बीडसारखा जिल्हा आहे, जिथं २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, तिथं असं कलम घरात कुणावर दाब आणेल हे सांगायला तज्ज्ञ नको. तिसरी मुलगी झालेल्या बाईला पाणीपट्टीचाही टोमणा.

वाटा जमिनीला न बांधताही पाणी वाटता येतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे : पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. माणशी मोजताना बाई मोजली गेली, हे या पद्धतीचं बळ. मोजल्यावर वाटा कुटुंबप्रमुखाच्या हाती गेला, ही तिची मर्यादा. उपसा योजनांच्या छोट्या आवाक्यात जमलेलं हे सूत्र मोठ्या धरणांच्या कालव्यावर जसंच्या तसं उचलता येणार नाही, असं अभियंते म्हणतात. खरं असेल. पण समन्याय हा शब्द धरणाधरणांत टक्केवारी सारखी करण्यापुरता ठेवायचा की चारीवरून घरापर्यंत न्यायचा, हा निर्णय अभियांत्रिकीचा नाही.

पुढच्या ऑक्टोबरसाठी

अशा विश्लेषणाचा उपयोग काय, असं जलसंपदा खात्यातला एखादा अधिकारी विचारेल आणि त्याचं विचारणं रास्त आहे. १५ ऑक्टोबरचा तक्ता समोर असताना त्याला सामाजिक शास्त्राचं व्याख्यान नको असतं. म्हणून करता येण्यासारखं बोलू.

रब्बीचं आवर्तन कापताना कापणीचा क्रम ठरवता येतो. आज कालवा सल्लागार समितीत तो वजनावर ठरतो. चारा आणि भुसार आधी, बारमाही ऊस नंतर, असा क्रम लावला तर वरच्या बाजूच्या घरात गाय टिकते आणि टीएमसी एकही वाढवावा लागत नाही. कारखानदार तो सुखासुखी मान्य करणार नाहीत. उसाखालचं क्षेत्र हीच त्यांची ताकद आहे. टेलच्या चाऱ्यांवर एकट्या बायांच्या शेतांना दिवसाची पाळी देणं हे पाटकऱ्याच्या वहीतलं काम आहे, त्याला मंत्रालय लागत नाही. मात्र वहीत आधी त्या बाया खातेदार किंवा कसणाऱ्या म्हणून लिहाव्या लागतील.

तोडणीच्या तळांचं पाणी हे त्याहून सोपं, आणि तरी सगळ्यात अवघड. साखर कारखान्याला औद्योगिक वापरासाठी पाणी मंजूर होतं, त्याचा करार होतो, मीटर लागतं. त्या मंजुरीत तळावरच्या माणसांचं प्यायचं आणि वापरायचं पाणी वेगळं दाखवण्याची अट घालायला नवा कायदा नको. अडचण अशी की कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी निव्वळ मध्यस्थ, आणि मजुरांच्या नोंदीत बाई कोयत्याचा अर्धा भाग. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळ आलं आहे, ओळखपत्रांचं काम सुरू झालं आहे. त्या ओळखपत्रावर बाईचं नाव स्वतंत्र कामगार म्हणून पडतं की ‘पत्नी’ म्हणून, यावर तळावरच्या पाण्याचा हिशेब कुणी कुणाकडे मागायचा हे ठरेल.